कंदील : ज्योत जपणारी काच

दत्तभक्तहो, अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये अग्नी आहे आणि अग्नीवर झेप घेऊन जळणारा पतंगही आहे. या दोघांच्या मध्ये काच उभी करतो तो कंदील.

पूर्वी घरात पणती-समई, देवळापुढे दीपमाळ आणि रात्रीच्या वाटेवर मशाल असे. पण उघड्या ज्योतीला वाऱ्याचं भय. १८५३ साली लुकासिएविच या पोलिश औषधविक्रेत्याने घासलेटचा दिवा बनवला. पुढे वाऱ्यात टिकणारे कंदील निघाले. आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला.

आमच्या खानदेशात रात्री बैलगाडी निघाली की गाडीखाली कंदील टांगलेला असायचा. शेतात पाणी भरायला जाताना एका हातात फावडं, दुसऱ्या हातात कंदील. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तेव्हा ते गाव धुळे जिल्ह्यातच होतं. यात्रेतल्या दुकानांवर गॅसबत्त्या लागत, मुक्कामाच्या गाडीपाशी मात्र कंदीलच.

कंदिलाची रचना बघा. काच वारा अडवते, पण बाजूच्या नळ्यांतून ज्योतीला हवा मिळते. सगळीकडून बंद केला तर तो विझेल, उघडा ठेवला तरी विझेल. आपल्या श्रद्धेचंही तसंच आहे. तिला आडोसा हवा, कोंडमारा नको.

आणखी एक. वात जास्त वर केली की काच काजळते, उजेड उलट कमी होतो. म्हणून घरची बायामाणसं रोज तिन्हीसांजेआधी राखेने काच पुसत. आता घरोघरी वीज आहे, कंदील भंगारात गेले. पण मनाची काच रोज पुसायचं काम आपल्याला सुटलेलं नाही. नातवंडांना एवढं तरी सांगू या.

श्री गुरुदेव दत्त!