पाटा आणि त्याची बैठक

विद्यार्थिमित्रहो, भोराहून वरंधा घाटानें महाडकडे उतरणारा किंवा वेल्ह्याच्या बाजूस पाबे घाट चढणारा मालट्रक तुम्हीं पाहिला असेल. पण त्याच्या मागच्या चाकांजवळ वांकून कधीं पाहिलें आहे काय? तेथें एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान दिसते. तिलाच मिस्त्री 'पाटा' म्हणतात.

पाटा केवळ धक्के सोसतो असें नाहीं. पुष्कळ ट्रकांत मागचा आंस जागेवर राखण्याचें कामही त्याचेंच असतें. चाकांचा रेटा आणि ब्रेकचा ओढा पाट्यावाटेंच चौकटीस पोंचतो. त्याचें पुढील टोंक चौकटीस पिनेनें जोडलेलें असतें. मागील टोंक शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास अडकविलेलें असतें. ओझ्यानें कमान सपाट झाली कीं दोन टोंकांतील अंतर वाढतें. शॅकल झुलून त्यास वाव देतो.

आतां मागचा आंस निकामी झाला आणि दुसऱ्या ट्रकाचा बसवावयाचें ठरलें, तर चार गोष्टी आधीं ताडून पाहाव्या लागतात.

पहिली, आंसावरील दोन बैठकींमधील अंतर. तें दोन पाट्यांमधील अंतराइतकेंच हवें. समजा, बैठकी ४ सेंटिमीटरनें अधिक दूर आहेत. तर प्रत्येक पाटा २ सेंटिमीटर बाहेर ओढला जाईल, पिळवटेल आणि त्याचे बुश लवकर झिजतील.

दुसरी, बैठकीची रुंदी व तिच्या मधलें छिद्र. पाट्याच्या सेंटर बोल्टाचें डोकें त्यांत नेमकें बसलें पाहिजे.

तिसरी, यू-बोल्ट. आंसाचें कवच गोल असेल तर गोल वांकाचा, चौकोनी असेल तर चौकोनी वांकाचा. शिवाय त्याची जाडी, रुंदी व लांबीही जुळावयास हवी.

चौथी, बैठकीचा कोन. तो चुकला तर आंसाचें तोंड वर किंवा खालीं वळतें, आणि इंजिनाची शक्ति आणणाऱ्या शाफ्टाचे सांधे थरथरून झिजतात.

यांतील मर्म असें कीं, सेंटर बोल्ट फक्त जागा नेमून देतो. आंसास खरोखर धरून ठेवते ती यू-बोल्टांची आवळण. ती सैल झाली कीं सगळा भार त्या एका लहान बोल्टावर येतो. तो तुटला कीं आंस सरकतो व ट्रक तिरपा धांवूं लागतो. एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी असलेल्या वळणावर याचा परिणाम काय होईल, तें सांगावयास नको. म्हणून एकदां ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हां वापरूं नयेत. नवे बोल्ट घालून त्यांचे नट आळीपाळीनें, थोडेथोडे, उत्पादकानें नेमलेल्या बलानें आवळावे; आणि ट्रक कांहीं अंतर भार घेऊन चालला कीं पुन्हां तपासावे.

ज्या पालकांच्या घरीं ट्रक आहे त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास सामान्यतः करतां येत नाहीं. जड आंस घातला म्हणून अधिक ओझें वाहण्याचा अधिकार मिळत नाहीं.

मित्रहो, भूमितींत आपण अंतर व कोन मोजतों, तें केवळ परीक्षेपुरतें नव्हे. भाताचीं पोतीं लादून घाट उतरणाऱ्या ट्रकांतील माणसांचे प्राण त्याच मापांवर अवलंबून असतात. बसवितांना लागलेली घटकाभर अधिक वेळ वायां जात नाहीं. न मोजतां वांचविलेली घटका मात्र फार महाग पडते.