सरकलेली गादी आपोआप जिरते का?

प्रश्न : वय ४६. दोन महिन्यांपासून कमरेतून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकून नस दबल्याचं आलं. एक सर्जन ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात. बाहेर आलेली गादी आपोआप जिरते, हे खरं का? आणि ऑपरेशन झालंच तर पुन्हा मांडी घालून बसता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खरं आहे, पुष्कळदा जिरते. गादीचं बाहेरचं कडं फाटून आतला मऊ गर बाहेर आला, की शरीराला तो परका वाटतो. पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि तो हळूहळू फस्त करतात. गंमत म्हणजे नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा पूर्ण तुटून बाहेर पडलेला तुकडा जास्त चांगला जिरतो. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘मोठा तुकडा’ दिसला, एवढ्यानेच घाबरून ऑपरेशन ठरवू नका. मात्र याला काही महिने लागतात, आणि तेवढे दिवस कळ सोसायची कोणी, हा खरा प्रश्न आहे.

नुसत्या एमआरआयवर विसंबू नये, याला आणखी एक कारण आहे. कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र करून पाहिल्या, तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत गादी फुगलेली निघाली, ऐंशीच्या घरात ८४ टक्के! तेव्हा पायाची कळ आणि फिल्मवरची जागा जुळते का, हे पाहणारा डॉक्टर गाठा. तुमच्या बाबतीत ती जुळते.

मग थांबावं की नाही? नेदरलँड्समध्ये तुमच्यासारख्याच, दीड ते तीन महिने सायटिका असलेल्या २८३ जणांचा अभ्यास झाला; तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय लवकर मोकळा झाला. पण वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. तेव्हा कळ सोसवत असेल, गोळ्या-व्यायामाने उतरत असेल तर थांबा. झोप उडाली असेल, काम बंद पडलं असेल तर ऑपरेशन करण्यात काहीच गैर नाही. ‘कंबरेचं ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो’ ही भीती मनातून काढा.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत-बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. टाचांवर चालून पाहा. पंजा उचलत नसेल, चप्पल नकळत पायातून सुटत असेल, तर सर्जनला लगेच दाखवा.

सर्जनला आधी विचारा, फक्त तुकडा काढणार की स्क्रूही बसवणार? पहिल्यांदाच सरकलेल्या साध्या गादीला बहुधा स्क्रू लागत नाहीत. लागतील म्हणाले तर का, ते नीट समजून घ्या, दुसरं मतही घ्या.

तुकडा काढल्यावर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. पायाची कळ आधी जाते. मुंग्या आणि बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो, त्याने ऑपरेशन फसलं असं समजू नका. निव्वळ कंबरदुखी मात्र जाईलच, अशी हमी नाही. साधारण सहा आठवडे वाकून बादली उचलणं, कमरेत पिळा देणं टाळा. खड्ड्यांतून स्कूटर नको, शक्यतो कमोड वापरा. शंभरात पाच ते पंधरा जणांची गादी पुन्हा सरकते, म्हणून व्यायाम सोडू नका. मांडी घालून बसणं पुढे बहुतेकांना जमतं. सुरुवात भिंतीला टेकून, पाच-दहा मिनिटांपासून करा.