हेडसेट घेण्याआधी मामाचं ऐक

अरे, तुझा आणखी एक हेडसेट मोडला असं तुझी आई सांगत होती. पहिल्याचा पट्टा तुटला, दुसऱ्याच्या एका कानातला आवाज गेला, आणि आता पैसे साठवून तू रंगीत दिव्यांचा कुठलासा बघून ठेवला आहेस. घ्यायचा तर घे, पण त्याआधी माझं पाच मिनिटं ऐक.

मी गेम खेळत नाही, पण माझं सगळं आयुष्य डबिंग स्टुडिओत गेलं. सकाळी कानावर चढवलेला हेडफोन रात्रीच उतरायचा. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते थोरले रेकॉर्डिस्ट नव्या मुलाशी आवाजाबद्दल काही बोलतच नसत. हेडफोन हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हा उघडतो कसा, ते आधी सांग." गादी कशी निघते, स्क्रू कुठे आहेत, वायर कुठून आत शिरते हे ज्याला सांगता आलं, त्यालाच तो कानाला लावायला मिळायचा. तेव्हा जाचक वाटायचं. आज मी कुणाच्याही हातातला हेडफोन आधी तसाच बघतो, कारण जो उघडता येतो तोच दुरुस्त होतो, आणि जो दुरुस्त होतो तोच टिकतो.

उदाहरणार्थ, बायरडायनामिकचा डीटी ७७० हा स्टुडिओतला हेडफोन घे. जर्मनीतली ही कंपनी तो १९८५ पासून बनवते आहे. पट्टा स्प्रिंग स्टीलचा, आणि गाद्या, पट्ट्यावरचं आवरण, आतले ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारे छोटे स्पीकर, असं सगळं सुटं मिळतं. सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ चा, सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा. ही मॉडेलं इतकी वर्षं बाजारात आहेत म्हणून त्यांच्या गाद्या आजही मिळतात. गेमिंगचे बरेच हेडसेट दोन-तीन वर्षांत बदलतात आणि जुन्याचे भाग मिळेनासे होतात. म्हणून कालपरवा आलेल्या मॉडेलपेक्षा चार-पाच वर्षं खपत असलेलं मॉडेल मी केव्हाही पसंत करीन. हायपरएक्सचा क्लाउड टू २०१५ पासून चालतो आहे. त्याची चौकट ॲल्युमिनियमची आहे आणि माईक काढता येतो. अशा गोष्टींकडे बघ.

स्टुडिओचा साधा हेडफोन आणि वेगळा माईक हाही उत्तम मार्ग आहे. माईक बिघडला तर फक्त माईक बदलायचा. मात्र ओहमचा आकडा बघ. डीटी ७७० हा ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो, आणि यातला २५० चा फोनला किंवा लॅपटॉपला लावलास तर आवाज पुरेसा चढणार नाही. तुला ३२ किंवा ८० चा बरा.

आता मोडतो कुठे ते. सगळ्यात आधी कप जिथे पट्ट्याला जोडलेला असतो तिथे. दुकानात हेडसेट हातात आला की दोन्ही कप शेवटच्या खाचेपर्यंत खाली ओढ. पट्ट्यातून जी पट्टी बाहेर येते ती धातूची आहे की प्लास्टिकची? बऱ्याच हेडसेटमध्ये वरचा पट्टा पोलादी असतो, पण कप धरणारा काटा प्लास्टिकचा आणि त्याचा स्क्रूही प्लास्टिकमध्येच बसवलेला. डोक्यावर चढवताना दर वेळी तिथे ताण येतो आणि आधी केसाएवढी भेग पडते. दोन्ही कप धरून पट्टा हळूच फाकव आणि थोडा पीळ दे. करकर आवाज आला तर परत ठेवून दे. आणि घरी आणल्यावर एका हाताने, एका कानावरून ओढून काढायची सवय सोड. दोन्ही कप दोन हातांनी धरून उतरवायचा, एवढ्यानेही त्याचं आयुष्य वाढतं.

दुसरी जागा वायरीची. वायर मधोमध क्वचितच तुटते. पिनेच्या मानेशी किंवा कपात शिरते तिथे ती वाकून वाकून आतल्या तारा तुटतात, आणि मग वायर हलवली की एका कानातला आवाज येतो-जातो. दोन्ही टोकं सुटी होणारी वायर असेल तर चिंताच नाही, दुसरी लावायची. कायमची जोडलेली असेल तर कपाच्या तोंडाशी रबराची लवचिक नळी आहे का बघ. वरून विणलेली वायर दिसायला मजबूत दिसते, पण आतल्या तारा तेवढ्याच बारीक असू शकतात, तेव्हा विणकामाला भुलू नकोस. आणि खेळून झाल्यावर कपाभोवती घट्ट गुंडाळत जाऊ नकोस.

तिसरी गोष्ट गाद्यांची, आणि आपल्या हवेत हीच सगळ्यात महत्त्वाची. चामड्यासारख्या दिसणाऱ्या काळ्या गाद्या बहुतेक वेळा पॉलियुरेथेनच्या असतात. हवेतली आर्द्रता आणि घाम त्या थराला आतून तोडत जातात. म्हणून मुंबईत, कोकणात, गोव्यात अशा गाद्यांचे काळे पापुद्रे मानेवर नि गालावर पडायला लागतात, आणि हेडसेट कपाटात ठेवला तरी ते थांबत नाही. केसांना तेल लावून लगेच हेडसेट घातलास तर ते आणखी लवकर होतं. आजीने रविवारी डोक्यावर तेल घातलं की केस धुवेपर्यंत हेडसेट बाजूला. खेळून झालं की कोरड्या सुती कापडाने गाद्या पूस आणि हवा लागेल असा टांग. पावसाळ्यात बंद खणात ठेवलास तर बुरशी येईल. मखमली गाद्या मे महिन्यात खरोखर सुखाच्या. कान घामाने चिकटत नाहीत आणि पापुद्रे निघत नाहीत. बाहेरचा आवाज मात्र त्या थोडा जास्त आत येऊ देतात आणि मधूनमधून धुवाव्या लागतात. कुठलीही असो, गादी हाताने ओढून निघते का ते बघ. चिकटवलेली असेल तर हेडसेटचं आयुष्य गादीएवढंच.

आरामाचं म्हणशील तर दुकानात दोन मिनिटं घालून काही कळत नाही. वीस मिनिटं घालून बस. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. तुझा चष्मा घालूनच बस, कारण चष्म्याच्या काड्या गादीखाली दबून कानामागे दुखायला लागतं आणि ते लगेच कळत नाही. गादी जाड आणि मऊ असेल तर काडी तिच्यात रुतते, कडक असेल तर कवटीत रुतते. कानाची पाळी पूर्ण आत मावते का, आणि कानाचा वरचा भाग आतल्या जाळीला टेकतो का, तेही बघ. टेकत असेल तर तासाभरात तिथे ठणकेल. तोंड उघडून-मिटून, जोरात बोलून बघ. तू खेळताना मित्रांशी ओरडतोस, तेव्हा जबड्यापाशी दाब येतो.

वजन ३०० ग्रॅमच्या आत असेल तर बरं. पण नुसता आकडाही फसवतो. वजन टाळूच्या एकाच बिंदूवर येतं की सगळीकडे वाटलं जातं, हे पट्ट्यावर अवलंबून आहे. काही हेडसेटमध्ये चौकटीखाली ताणाचा कापडी पट्टा असतो आणि डोकं त्यात झोळीत ठेवल्यासारखं राहतं. तुझ्यासारख्याला, चार तास बसणाऱ्याला, तो मानवेल. नवा हेडसेट थोडा घट्ट असतोच. पट्टा पोलादी असेल तर रात्रभर त्याच्याच खोक्यावर ताणून ठेव, सैलावतो. प्लास्टिकच्या पट्ट्यावर हे चुकूनही करू नकोस.

बिनतारी हवा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेव. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, गोळी आधी लागते आणि आवाज मागून. शिवाय माईक चालू केला की बऱ्याच वेळा ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जाही घसरतो. म्हणून गेमसाठी छोट्या यूएसबी डोंगलवर चालणारा, २.४ गिगाहर्ट्झचा घ्यावा. पण आतली बॅटरी काही वर्षांनी थकणारच, आणि ती बदलता येत नसेल तर बाकी सगळं धडधाकट असूनही हेडसेट टाकून द्यावा लागतो. वायर लावूनही चालेल असाच घे. डोंगल हरवला तर सुटा मिळतो का, हेही विचार.

खोक्यावर लिहिलेल्या ७.१ सराउंड आवाजासाठी जादा पैसे देऊ नकोस. दोनच ड्रायव्हर असलेल्या हेडसेटमध्ये ते सॉफ्टवेअरचं काम असतं आणि चांगल्या स्टिरिओवर पावलांची दिशा नीट कळते. दिव्यांचंही तसंच.

आणि आवाज. इथे मी तुला मामा म्हणून सांगतो, रेकॉर्डिस्ट म्हणून नाही. माझ्या पिढीतल्या कित्येकांना आता मुलांच्या गप्पा नीट ऐकू येत नाहीत, कान रात्रंदिवस वाजत राहतात, आणि कानाच्या आतल्या ज्या पेशी एकदा गेल्या त्या परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. तुझ्या खोलीत वर पंखा आणि खाली रस्ता. कान चारी बाजूंनी नीट झाकणारा बंद कप घेतलास तर ते आवाज बाहेर राहतील आणि व्हॉल्यूम खालीच ठेवता येईल. म्हणूनच मी गादी नीट बसते का यावर इतका अडून बसतो. दर तासाभराने दहा मिनिटं हेडसेट उतरवून ठेव, पाणी पी.

घ्यायला मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतर आणि लॅमिंग्टन रोडला जा, तिथे हातात घेऊन बघू देतात. रविवारी जाऊ नकोस, बरीच दुकानं बंद असतात. ऑनलाइन मागवलास तर परत करायची मुदत आधी वाच, आणि त्या मुदतीत एक पूर्ण संध्याकाळ डोक्यावर ठेवून बघ. बिलावर सिरियल नंबर लिहून घे, त्याचा फोटो काढ, कारण कागदावरची शाई उडते. पैसे देण्याआधी दुकानदाराला याच्या सुट्या गाद्या मिळतात का ते विचार. मिळत असतील तर एक जादा जोडी तेव्हाच घे, पण मखमली कापडाची. पॉलियुरेथेनची घेऊन ठेवलीस तर ती पाकिटातच खराब होईल.