परिपाठातली बातमी

जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. शाळा बंद असताना पहिली ते आठवीचे धडे घरी पोहोचले. पण टीव्हीसमोर मूल फक्त ऐकते.

जिल्हा परिषद शाळेच्या परिपाठात मुले बातम्या वाचतात, बहुधा पेपरमधून उतरवलेल्या. पनवेल-कर्जतच्या वाड्यांवरील कातकरी मुलांनी वाडीचीच बातमी सांगावी: विहीर आटली, दिवाळीनंतर कोणते घर वीटभट्टीवर निघाले. आधी आपल्या बोलीत, मग मराठीत. बाईंनी मोबाईलवर ती टिपून लगेच दाखवावी. आपला उच्चार ऐकून मूल स्वतःच पुन्हा बोलते. कोणते मूल शाळेतून गळणार, हेही बाईंना वेळीच कळते.

घरातला जुना, चालू फोन शाळेला द्या. मुलांचे व्हिडिओ मात्र मागू नका, देणगीच्या आवाहनासाठी तर नकोच. ते वर्गातच राहू द्या.