मामांची गोळी आणि माझी

मी बारामती एमआयडीसीत फिटर आहे. कंबरेत लचक भरली तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांची ट्रामाडॉल लिहून दिली. ती मी दीड वर्ष खाल्ली. हे अफूसारखं काम करणारं औषध आहे आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, याचा मला पत्ताच नव्हता. एकही नाईट शिफ्ट बुडवली नाही, दारूला शिवलो नाही, मग व्यसन कसलं, असं बायकोला छातीठोकपणे सांगायचो. गोळी चुकली की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा. त्याला मी सर्दी म्हणायचो.

पुण्यातल्या मानसोपचार डॉक्टरांनी वर्षभराचा हिशेब मांडायला लावला. तलफ अनावर होते का? ठरवल्या आकड्यावर थांबता येतं का? पूर्वीइतका आराम पडायला जास्त लागतात का? बंद केल्यावर त्रास होतो का? अपाय दिसूनही चालूच आहे का? गोळीपायी बाकीचं काय सुटलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मधल्या या सहा खुणा. वर्षभरात तीन एकत्र दिसल्या की अवलंबित्व. शेवटच्या प्रश्नाला माझी मान खाली गेली. पेन्सिल चौकातला मित्रांबरोबरचा चहा, लेकीला इंदापूरला आजोबांकडे नेणं, कधी सुटलं ते कळलंच नव्हतं.

मी बरा झालो आणि दुसरी चूक केली. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, कॅन्सर, दुखण्यावर मॉर्फिन. डोस वाढला, तसं मामांना सवय लागली म्हणून मी गोळ्या लपवल्या. दोन रात्री ते तळमळले. त्यांच्या डॉक्टरांनी मला समजावलं, की सल्ल्यानुसार घेतलेल्या औषधाला शरीर सरावतंच. अमेरिकेतल्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये तर स्पष्ट लिहिलंय, की अशा रुग्णाच्या बाबतीत डोस वाढणं आणि बंद केल्यावरचा त्रास या खुणा धरायच्याच नाहीत. दुखणं थांबलं की मामा नातीशी पत्ते खेळायचे. मी ते पाहत होतो, तरी फक्त गोळ्याच मोजल्या.

घरात कुणी अशी गोळी घेत असेल, तर ते सहा प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जा. निकाल घरी लावू नका. एकदम बंदही करू नका. काही दिवसांच्या खंडानंतर जुन्याच मात्रेनं घेतली तर श्वास थांबू शकतो. १४४४६ ही सरकारी मदतवाहिनी मोफत आहे.

मामांच्या गोळ्यांचा डबा आता कुलपात असतो, किल्ली बायकोकडे. मी फक्त वेळेची आठवण करतो.