एसी मोठा नको, ऊन कमी हवं!

‘ऊर्जा बचत’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? स्विचबोर्डवर चिकटवलेला ‘कृपया दिवे बंद करा’ हा कागद! कागद बरोबरच आहे. पण ऑफिस, मॉल, हॉस्पिटल किंवा आपलं कॉलेज अशा मोठ्या इमारतींच्या बिलाचा मोठा हिस्सा एअर कंडिशनिंग खातं, आणि तो हिस्सा किती असणार हे बऱ्याचदा नकाशा काढतानाच ठरून जातं. उद्या हे नकाशे आपल्याच टेबलावर येणार आहेत, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी उष्णता कुठून येते ते पाहू. समजा पश्चिमेला १० चौरस मीटर साधी काच आहे आणि दुपारी तिच्यावर चौरस मीटरला ५०० वॉट ऊन पडतंय. साधी काच त्यातलं सुमारे ८० टक्के आत सोडते, म्हणजे ४ किलोवॉट. एसीचा १ टन म्हणजे ३.५ किलोवॉट. म्हणजे एका खिडकीपायी एक टनाहून जास्त एसी गेला! आपण काय करतो? अजून एक एसी बसवतो. यालाच माझी आजी ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणते. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला म्हणी आजीकडून उसन्या घ्याव्या लागतात!) खरा उपाय खिडकीच्या बाहेर आहे: छज्जा, उभ्या पट्ट्या, झाड किंवा कमी उष्णता सोडणारी काच. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोवर ऊन खोलीत शिरलेलं असतं. कोकणातल्या घरांची पडवी हेच काम कित्येक पिढ्या करत आली आहे.

दुसरी पायरी पंखे आणि पंपांची. इथे थर्ड इयरला पाठ केलेला नियम कामी येतो. हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. प्रवाह ८० टक्के केला तर ०.८ चा घन ०.५१२, म्हणजे शक्ती जवळजवळ निम्मी! पण त्यासाठी मोटरचा वेग कमी करायला हवा, म्हणजेच व्हीएफडी बसवायला हवा. नुसता डॅम्पर अर्धवट बंद करणं म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून ठेवून ब्रेकने गाडी हळू करण्यासारखं आहे.

तिसरी पायरी, थंडावा वाहून न्यायचा कशाने? एक घनमीटर पाणी एक अंश तापायला सुमारे ४१८० किलोज्यूल घेतं, तेवढीच हवा फक्त १.२. म्हणजे पाणी जवळजवळ साडेतीन हजार पट! हैदराबादजवळ पोचारम इथे इन्फोसिसने हे प्रत्यक्ष करून पाहिलं. २०११ मध्ये वापरात आलेल्या एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात चांगल्या दर्जाचा नेहमीचा, हवेवर चालणारा एसी. दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी आणि श्वासापुरती ताजी हवा. पहिल्या दोन वर्षांच्या नोंदींत पाण्याच्या भागातल्या एसी यंत्रणेला सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी लागली. मात्र स्लॅब दवबिंदूच्या खाली गेला तर छताला घाम फुटेल, त्यामुळे दमट हवेत आधी हवा कोरडी करावीच लागते.

शेवटी सेटिंग. बीईईच्या अंदाजाप्रमाणे तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसीला २४ अंश हे मूळ सेटिंग ठरवण्यात आलं. मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठीची ईसीबीसी ही संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. सिव्हिलवाल्यांनी तर ती एकदा चाळावीच.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय! परीक्षेच्या दिवसांत हॉस्टेलचा रीडिंग हॉल रात्री दहाला बंद होतो. विचारलं की उत्तर एकच, ‘लाइट बिल!’ दुसरीकडे भर मे महिन्यात कॉम्प्युटर लॅबमध्ये मुलं स्वेटर घालून बसतात. मी हॉलमधले दिवे-पंखे मोजले. २० वॉटच्या ४० ट्यूब आणि ७५ वॉटचे २० पंखे, एकूण २.३ किलोवॉट. रात्री दहा ते दोन, चार तासांचे ९.२ युनिट. लॅबच्या एसीचा ब्लोअर ५ एचपीचा, म्हणजे पूर्ण भाराला ३.७३ किलोवॉट. तो ८० टक्के वेगाने चालवला तर आठ तासांत हिशोबाने साडेचौदा युनिट वाचतात. प्रत्यक्षात मोटर पूर्ण भारावर नसेल, ड्राइव्हही थोडं खाईल. तिसरा हिस्सा सोडून दिला तरी हॉल रात्री दोनपर्यंत चालतो आणि वर थोडी वीज उरते!

हे अजून कागदावरचं गणित आहे. म्हणून माननीय प्राचार्य आणि वॉर्डन सरांना नम्र विनंती: आम्हाला एक एनर्जी मीटर आणि दोन आठवडे द्या. पहिला आठवडा आहे तसं मोजू, दुसऱ्या आठवड्यात सेटिंग २४ वर ठेवून मोजू आणि ब्लोअरचा खरा भारही नोंदवू. आकडे नोटीस बोर्डावर लावू. ते पटले तर ड्राइव्हचा विचार व्हावा, आणि वाचलेली युनिटं अभ्यास करणाऱ्यांना मिळावीत.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, सगळ्यांचं स्वागत आहे. येताना कॅल्क्युलेटर आणा, स्वेटर नको!