दर साल की दर महिना? सावकारी कर्जाचं गणित आणि त्यातून सुटायची वाट



सातवीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ हा पाठ आहे. कंधार तालुक्यातल्या माझ्या शाळेत मी तो शिकवत होतो. फळ्यावर ‘द.सा.द.शे.’ लिहिलं आणि विचारलं, "याचा अर्थ कोण सांगेल?" एका मुलीनं बरोबर सांगितलं, "दर साल दर शेकडा." तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या घरी दर महिना दर शेकडा असतंय. पाच रुपये." वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. कारण हेच गणित मी स्वतः वीस महिने भरलं होतं.

आज तेच गणित तुमच्यासमोर मांडतो.

माझी गोष्ट

मी शिक्षणसेवक होतो. मानधन महिन्याला 6000 रुपये, तेही कधी दोन-दोन महिने उशिरा. बहिणीचं लग्न ठरलं. एका ओळखीच्या माणसाकडून 40,000 रुपये घेतले, शेकडा पाचनं. त्यानं सह्या केलेले दोन कोरे धनादेश आणि माझं एटीएम कार्ड ठेवून घेतलं. "गुरुजी, तुमच्यावर इश्वास हाय, पण रीत म्हणून," असं म्हणाला. मानधन जमा झालं की 2000 रुपये तो स्वतःच काढून घ्यायचा. उरलेल्या 4000 मध्ये घर चालवायचं. नाही भागलं की पुन्हा हातउसने.

वीस महिन्यांत मी 40,000 रुपये भरले. आणि मुद्दल किती उरलं? पूर्ण 40,000. एक रुपयाही कमी झाला नव्हता. डीएड झालेला माणूस, पोरांना व्याज शिकवणारा! लाजेनं घरात कुणाला सांगितलं नाही. वाचकहो, या धंद्याचं खरं तारण ही लाजच असते.

फळ्यावरचं गणित

शेकडा पाच म्हणजे फक्त पाच टक्के, असं ऐकायला वाटतं. पण ते महिन्याचं आहे. वर्षाचे बारा महिने, म्हणून 5 × 12 = 60. म्हणजे द.सा.द.शे. 60.

आता 20,000 रुपयांचं कर्ज घेऊन बघू.

शेकडा पाचनं वर्षाचं व्याज 12,000 रुपये. मुद्दल तसंच. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापलं तर हातात पडतात 19,000, पण व्याज मात्र 20,000 वर.

हेच 20,000 रुपये द.सा.द.शे. 12 नं, दरमहा सारखा हप्ता लावून, एका वर्षासाठी घेतले तर हप्ता येतो साधारण 1777 रुपये. वर्षभरात व्याज जातं सुमारे 1325 रुपये आणि वर्षाच्या शेवटी कर्ज शून्य होतं.

फरक नीट बघा. सावकाराला महिन्याला 1000 रुपये देऊन वर्षानंतर तुम्ही जिथल्या तिथंच. हप्त्यात 777 रुपये जास्त भरले तर वर्षानंतर मोकळे. सावकार मुद्दल मागत नाही, ही त्याची दया नव्हे. मुद्दल फिटलं तर त्याचं दुकान बंद होतं.

आता मोबाईलवरचं ॲप बघा. समजा 5000 रुपये मंजूर झाले, ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून 1500 कापले, हातात आले 3500. सात दिवसांनी भरायचे 5000. म्हणजे 3500 वर आठवड्याचं व्याज 1500, शेकडा जवळजवळ 43, तेही आठवड्याला! गावचा सावकारसुद्धा यापुढं साधा वाटायला लागतो. आणि ते फेडायला माणूस दुसरं ॲप उघडतो.

हे दुखणं जुनं आहे

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली आणि कर्जरोखे जाळले. ही चळवळ पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात तिची नोंद आहे. त्यांचा मुख्य राग कागदावर होता. कारण कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, अंगठा मात्र आपला होता. त्यानंतर 1879 मध्ये इंग्रज सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. आपलं कंधार तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं तो कायदा आपल्यापर्यंत आलाच नाही.

आज आपल्याला वाचता येतं, तरी आपण कोऱ्या बॉण्डवर सही करतो. मग शाळा शिकून फायदा काय?

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 हा सध्याचा कायदा आहे. त्यातल्या मोजक्या गोष्टी पाठ करून ठेवा.

1. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

2. परवानाधारक सावकारालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही. 2014 मध्ये शासनानं ठरवलेले दर असे: शेतकऱ्याला तारण असेल तर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12 टक्के, इतरांना तारण 15 टक्के, विनातारण 18 टक्के. म्हणजे विनातारण 20,000 वर शेतकऱ्याकडून महिन्याला 200 रुपये घेता येतात, आणि आपण देतो 1000.

3. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपले जुने लोक याला दामदुप्पट म्हणत.

4. रक्कम न लिहिलेल्या, कोऱ्या जागा सोडलेल्या कागदावर सही घेता येत नाही. दिलेल्या पैशाची पावती आणि हिशोब मागणं हा तुमचा हक्क आहे.

5. सावकारीच्या व्यवहारात जमीन किंवा घर खरेदीखत करून बळकावलं असेल, तर मागच्या पंधरा वर्षांतल्या अशा व्यवहाराची तक्रार करता येते. चौकशीत ते सिद्ध झालं तर मालमत्ता परत मिळू शकते.

तक्रार कुठं करायची? तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांचं कार्यालय असतं. जिल्ह्याला, म्हणजे आपल्यासाठी नांदेडला, जिल्हा उपनिबंधक. समोरच्याकडं परवाना आहे का, हेही तिथंच कळतं. वकिलाला पैसे नसतील तर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत जा, किंवा 15100 वर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

ॲपचं वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणारी नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्था कोण, हे ॲपनं आधी सांगायला पाहिजे. एकूण वार्षिक खर्च लेखी दाखवायला पाहिजे. तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो त्याला घेता येत नाहीत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवीन अशी धमकी आली तर घाबरून पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट काढा, 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा आणि पोलिसांत जा.

सुटायची वाट

पहिलं काम, एक वही घ्या. कुणाकडून, कधी, हातात किती आले, दर काय, आजवर किती दिले, काय गहाण ठेवलं, सगळं लिहा. मी हे लिहिलं त्या रात्री मला झोप आली नाही, पण दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कळलं.

दुसरं, घरात सांगा. मी बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर वीस महिने दोघांनी मोजले असते."

तिसरं, महाग कर्ज स्वस्त कर्जानं फेडा, उलटं कधीच नाही. नोकरदाराला पतसंस्था आहे. महिलांना बचत गट आहे. घरात दागिना असेल तर बँकेचं सोनेतारण आहे. शेतकऱ्याला पीककर्ज आहे; तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं व्याज शून्यावर येतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाकडून घेतलेली उचलही याच वहीत लिहावी. तेही कर्जच आहे.

चौथं, रोख देणं बंद करा. बँकेतून किंवा मोबाईलवरून द्या, म्हणजे नोंद राहते. फेडल्यावर धनादेश, बॉण्ड, कार्ड मोजून परत घ्या आणि ‘हिशोब पूर्ण’ असं लिहून घ्या.

मी तिसऱ्या वर्षी नियमित वेतनावर आलो, पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि मुद्दल एकदम देऊन मोकळा झालो. कायदा तेव्हा माहीत असता तर कदाचित वेगळं वागलो असतो. एटीएम कार्ड हातात आलं तेव्हा आधी पिन बदलला.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घेतलेले पैसे बुडवा, असं मी म्हणत नाही. अडीनडीला नातेवाइकानं बिनव्याजी दिलेले हातउसने म्हणजे सावकारी नव्हे, ते आधी फेडा. पण अन्यायाचं व्याज भरणं हा काही प्रामाणिकपणा नाही.

आणि शेवटचं. आपल्या मराठवाड्यात कर्जापायी किती घरं उघडी पडली, हे मी सांगायला नको. रात्री डोक्यात नको ते विचार यायला लागले तर 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर बोला, तिथं मराठीतही बोलता येतं. शेजारी असा माणूस दिसला तर त्याच्याजवळ जाऊन बसा. कर्ज आकड्यात असतं आणि आकडा कमी करता येतो. माणूस गेला तर घरच्यांना काहीच करता येत नाही.

तो मुलगा दुसऱ्या आठवड्यात वडिलांना घेऊन शाळेत आला. वडील म्हणाले, "सर, पोरगा म्हणतोय तुम्ही हिशोब करून देता." आम्ही तिघं व्हरांड्यात बसलो. वहीचं पहिलं पान त्या मुलानंच लिहिलं.

स्वाध्याय (घरच्यांसोबत सोडवा)

1. शेकडा तीन दरमहा म्हणजे द.सा.द.शे. किती?
2. 10,000 रुपयांवर शेकडा पाच दरमहा दराने किती महिन्यांत व्याज मुद्दलाएवढं होईल?
3. आपल्या घरातल्या प्रत्येक कर्जाचा दर ‘दर साल’मध्ये लिहा. सगळ्यात महाग कोणतं? ते आधी कसं फेडता येईल, यावर आज रात्री जेवताना बोला.